यादी कुणाच्या हातात?

मी पिंपळगाव बसवंतला एका धर्मादाय संस्थेचं काम पाहतो. हुद्दा आहे स्वयंसेवकांचा समन्वयक. नाव भारदस्त, काम साधं. पोरंपोरी गोळा करायच्या. कुणी कुठं उभं राहायचं ते ठरवायचं. धान्याची पोती कुठून उचलायची नि कुठं उतरवायची ते बघायचं. नावांची वही सांभाळायची. शेवटी पैन् पैचा हिशोब द्यायचा. कुणी आलं नाही तर त्याच्या जागी आपण उभं राहायचं.

हे काम करता करता एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या मुलखात दानधर्माचा इतिहास दगडावर कोरलेला आहे. धर्मशाळेच्या पायरीवर, दवाखान्याच्या भिंतीवर, शाळेच्या खोलीवर देणाराचं नाव असतंच. घेणाराचं नाव कुठं नसतं. आणि दोघांच्या मधे उभं राहून पोतं उचलणाराचं, वही लिहिणाराचं, रांग सांभाळणाराचं नाव तर नसतंच नसतं. ह्या मधल्या माणसाचाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपली माणसं मोठ्या मानानं उभी आहेत. तो आपणच लिहायला पाहिजे. दुसरं कोण लिहिणार?

सुरुवात शब्दापासून करू. स्वयंसेवक म्हणजे आपण होऊन सेवा करणारा. ज्यांच्या घराण्यावर पिढ्यान् पिढ्या कुणाचा हुकूम चालला नाही त्यांना हा शब्द नुसता गोड लागतो. आपलं तसं नाही. आपल्या घराण्यात सेवा जन्मतःच गळ्यात बांधलेली होती. येसकर, तराळ, रामोशी ही गावाची चाकर माणसं. सरकारी टपाल घेऊन पळायचं, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं, मयताचा सांगावा घेऊन परगावी जायचं, मेलेलं ढोर ओढायचं. १८७४ च्या वतन कायद्यानं इंग्रज सरकारनं ह्या चाकरीवर कायद्याचा शिक्का मारला. ज्याची पाळी तो घरी नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कुणी राबायचं. बापाऐवजी पोर, पोर नाही तर म्हातारी. मोबदला काय? इनामाचा तुकडा, बलुत्याच्या चार पेंढ्या, आणि सांजच्याला दारोदार मागितलेली शिळी भाकर.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात ह्या वतनाच्या विरोधात बिल आणलं. त्याची इतकी मोडतोड झाली की १९२९ साली ते मागं घ्यावं लागलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही अकरा वर्षं.

सांगायचा मुद्दा असा. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याची सेवा ही वेठ. ज्याला नाही म्हणता येतं आणि तरी तो येतो, तो स्वयंसेवक. आपल्या बापजाद्यांनी ज्या दिवशी स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या कामासाठी खांद्यावर काही उचललं, त्या दिवशी ते स्वयंसेवक झाले. तो दिवस आपल्या इतिहासात लहान नाही.

आता दानाची बाजू बघू. १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारनं खडी फोडायची, रस्त्याची कामं काढली. जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळ बघायला आलेल्या सर रिचर्ड टेंपलनं मजुराला दिवसाचं एक पौंड धान्य पुरे असा हिशोब मांडला. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि काम दिवसभराचं. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसानं मदतच नाकारली! ह्या घटनेकडं आपण नीट बघितलं पाहिजे. घेणाराला मत असतं. तो नुसतं तोंड उघडून बसलेला नसतो.

त्याच साली महात्मा फुल्यांनी पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम काढला आणि मदतीचं जाहीर आवाहन केलं. सत्यशोधक मंडळींनी जात न विचारता मुलांना जेवू घातलं. पुढं वीस वर्षांनी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात नेलं. त्यांनाच प्लेगानं धरलं आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. कुणाला स्वयंसेवकाची व्याख्या पाहिजे असेल तर ही घ्या. ज्याला शिवायचं नाही असं जगानं ठरवलंय त्याला पाठीवर घेणं.

१९०६ साली विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली. शाळा काढल्या, वसतिगृहं काढली. माणूस प्रामाणिक होता, त्याबद्दल शंका नाही. पण पुढं पुढं अस्पृश्य तरुण विचारायला लागले की आमच्यासाठीच्या संस्थेचा कारभार आमच्या हातात का नाही? हा प्रश्न कृतघ्नपणाचा नव्हता. भाकर मिळाली म्हणजे भाकरीची टोपली कुणाकडं राहावी हा प्रश्न मिटत नाही. १९२४ च्या जुलैत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, मोठमोठी माणसं होती, पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब. पुढच्याच साली सोलापूरला वसतिगृह सुरू झालं. मदत बाहेरची चालेल, वही आपल्या हातात पाहिजे, हा फरक इथं झाला.

वही हातात आली की काय करावं लागतं ते महाडनं दाखवलं. मार्च १९२७ ची परिषद आपण चवदार तळ्यासाठी आठवतो. आठवावीच. पण मी समन्वयक आहे, माझं लक्ष जातं ते दुसरीकडं. हजारो माणसं जमली होती आणि गावात अस्पृश्याला पाण्याचा थेंब नव्हता. तेव्हा परिषदेपुरतं पाणी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपयांचं पाणी, १९२७ साली! डिसेंबरच्या परिषदेला तर जागा द्यायला कुणी तयार होईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं दिली. महाडच्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचं बंद केलं म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली हे पुस्तकात येतं. त्या दिवशी चुली कुणी पेटवल्या, पाण्याचे हंडे कुणी वाहिले, पीठ कुणी मोजलं, हे येत नाही. अहो, चूल पेटली नसती तर परिषद दोन दिवस टिकली असती का?

आणि आता नाशिक. आमचा जिल्हा.

काळाराम मंदिर सत्याग्रहाचे चिटणीस होते भाऊराव कृष्णाजी गायकवाड. पुढं अख्खा महाराष्ट्र त्यांना दादासाहेब म्हणायला लागला. जन्म १९०२ चा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वय अठ्ठावीससुद्धा पुरं नव्हतं. मंदिराच्या पंचांना नोटीस देण्यापासून रोज कुणाला उभं करायचं इथपर्यंत सगळा भार त्यांच्यावर. आजच्या भाषेत म्हणाल तर हे स्वयंसेवकांचे समन्वयक. आमच्या हुद्द्याचा पहिला थोर माणूस मी त्यांनाच मानतो.

२ मार्च १९३० रोजी नाशिकात मिरवणूक निघाली, तिची लांबी मैलभर होती. मंदिराचे दरवाजे बंद. दुसऱ्या दिवशी ३ मार्चला पहिली तुकडी चार दरवाज्यांवर बसली. १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. आता हा आकडा समन्वयकाच्या डोळ्यानं वाचा. आज दीडशे बसले म्हणजे त्यांच्या जागी बसायला उद्या दीडशे तयार पाहिजेत. माणशी दोन भाकरी धरल्या तरी एका वेळच्या तीनशे भाकरी. पकडून नेले तर मागं घरी कोण? कामावरून काढलं तर चूल कशी पेटणार? कुणाचं मूल आजारी, कुणाची कापणी राहिलेली. हे एक दिवसाचं नाही. रामनवमीच्या रथाच्या वेळी, ९ एप्रिलला, दगडफेक झाली, डोकी फुटली. मंदिर बंद राहिलं. सत्याग्रह अधूनमधून थांबत, पुन्हा उठत १९३५ पर्यंत चालला. पाच वर्षं माणसं पुरवायची म्हणजे काय ते पाच दिवस ज्यानं पुरवली त्यालाच कळेल.

पिंपळगाव बसवंत नाशिकपासून आग्रा रोडनं तीस किलोमीटरच्या आसपास. आमच्या वस्तीतली जुनी माणसं सांगायची, रातचं निघायचं, फडक्यात भाकर बांधायची, दिवस उगवायला नाशिक गाठायचं. पाय हेच वाहन. आणि परत गावात आलं की गाव तोंड फिरवायचं. सत्याग्रहानंतर जिल्ह्यात खेड्याखेड्यांतून अस्पृश्यांवर बहिष्कार पडले. वाटा बंद केल्या, पोरांना शाळेतनं काढलं, दुकानात मीठमिरची मिळेना. नाशिकात फुटलेलं डोकं चार दिवसांत बरं होतं, गावातला बहिष्कार वर्षभर जाळतो. तरी तुकड्या भरत होत्या. का भरत होत्या? कारण ह्या वेळेला पाळी पाटलानं लावली नव्हती. आपली आपण लावली होती.

बाबासाहेब दादासाहेबांना सारखी पत्रं लिहायचे. ३ मार्च १९३४ च्या पत्रात त्यांनी सत्याग्रह पुन्हा सुरू करू नका असा सल्ला दिला. भावार्थ असा की मूर्तीची पूजा मिळावी म्हणून आपण हे केलं नाही, आपल्या माणसांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात चेतना यावी म्हणून केलं, ते काम झालं, आता ताकद शिक्षणाकडं आणि राजकारणाकडं लावा. माणसं कशी जमवायची हे बरेच शिकवतात. कधी थांबवायचं, त्यांची ताकद कुठं वळवायची, हे शिकवणारा विरळा. पुढच्या वर्षी १३ ऑक्टोबर १९३५ ला ह्याच जिल्ह्यात येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. ती ऐकायला जमलेल्या मंडळीत काळारामच्या दारात तापलेली माणसं होती, हे विसरू नका.

दादासाहेबांची वही तिथं मिटली नाही. १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ ला त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पडीक जमीन कसणाराला द्या, ही मागणी. देशभर लाखो माणसं तुरुंगात गेली. बाया लेकरं काखेला घेऊन गेल्या. धान्य वाटा असं कुणी म्हटलं नाही. धान्य पिकवायला जमीन द्या असं म्हटलं. २९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेब गेले आणि लगेच १९७२ चा दुष्काळ आला.

ते साल ज्यांनी काढलं ते अजून सुकडी आणि लाल मिलोचं नाव काढतात. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं होती. ह्या घामातनं एक गोष्ट निघाली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. सरकारची कृपा म्हणून नाही, हक्क म्हणून. टेंपलच्या एका पौंडापासून इथवर यायला शंभर वर्षं लागली. हातात नुसती वाटी असणारा माणूस मस्टरवर नाव असणारा मजूर झाला. वाटी आणि मस्टर ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, दोस्तांनो. वाटी रिकामी राहिली तर नशीब म्हणायचं. मस्टरवर मजुरी बुडाली तर जाब विचारायचा.

हा सगळा इतिहास डोक्यात ठेवून मी माझ्या कामाकडं बघतो.

२०२० च्या मार्चअखेर देश बंद झाला. मुंबईहून आग्रा रोडनं माणसांची रांग लागली. मध्य प्रदेशची, उत्तर प्रदेशची. पिंपळगावला पोचेतो दोनशे किलोमीटर चालून झालेलं असायचं. १ मेच्या रात्री नाशिक रोडवरनं भोपाळला मजुरांची गाडी सुटली, पुढं आणखी सुटल्या, तरी रस्ता मोकळा झाला नाही. आम्ही रस्त्याच्या कडेला मांडव घातला. खिचडी, पाणी, पायाला लावायला मलम, आणि जुन्या चपला. बाजारातली रिकामी टमाट्याची कॅरेटं उलटी करून बसायला दिली.

पहिल्याच दिवशी बघितलं तर वाटणी आपोआप होऊन गेलेली. पोती उचलायला, पातेली घासायला, रस्ता झाडायला आमच्या वस्तीतली पोरं. टेबलाशी बसून नावं लिहायला दुसरी. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही, शेकडो वर्षांची सवय आहे. मी वहीत पाळ्या लावल्या. आज लिहिणारा उद्या पातेलं घासेल, आज घासणारा उद्या लिहील. दोघंतिघं दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत. "आम्ही समाजसेवेला आलोय, भांडी घासायला न्हाई," असा एकाचा निरोप आला. म्हटलं, ठीक. समाजसेवेचं नेमकं कुठलं अंग तुम्हाला पाहिजे ते कळलं.

मग एका देणगीदाराचा माणूस आला. म्हणाला, ह्यांना एका ओळीत बसवा, पुढं बॅनर धरू द्या, फोटो काढून मग वाढा. मी नाही म्हटलं. माणूस दोनशे किलोमीटर चालून आलाय, त्याच्या हातात बॅनर? ताट आधी. त्याची मर्जी असली तर फोटो मागनं, नसली तर नाही. त्या देणगीदारानं हात आखडता घेतला आणि तीन आठवडे डाळ ओढून-ताणून पुरवावी लागली. वस्तीतल्या बायांनी घरटी वाटीभर डाळ गोळा केली. ज्यांच्या हाताचं काम गेलं होतं त्यांनी! वर्गणीचा आपला जुना रिवाज अशा वेळी उपयोगी पडतो.

त्याच मांडवात एक बाप्या जेवून उठला, हात धुतला आणि कुणी न सांगता पाण्याची बादली उचलून मागच्यांना पाणी वाढायला लागला. तासभर वाढत होता. मग पोरीला खांद्यावर घेऊन निघून गेला. त्याचं नाव मी घेणारांच्या यादीत लिहिलं होतं. ते मी खोडलं नाही, पण दुसऱ्या यादीतही लिहिलं. त्या दिवसापासून माझी एक कसोटी ठरली. ज्या कामात घेणारा देणारा होऊ शकतो ते काम चांगलं. ज्यात घेणाराला कायम घेणाराच ठेवलं जातं ते काम म्हणजे बलुतंच, नुसतं पॅकिंग नवं.

आता देणारांची संख्या वाढलीय. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामाला लावायला सांगितलंय. पैसा येतो, वाईट नाही. पण त्याच साली अन्नसुरक्षेचा कायदाही झाला. त्यात पात्र कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क आहे. पिंपळगावच्या शिवारात द्राक्षाच्या छाटणीला, थिनिंगला पेठ-सुरगाण्याची आदिवासी माणसं येतात. गावाच्या कडेला पालं टाकून राहतात, पहाटे मजुरीच्या अड्ड्यावर उभी राहतात. त्यांचं रेशनकार्ड तिकडं गावी. कायद्यानं आता ते इथल्या दुकानातही चालतं, पण हे त्यांना सांगणार कोण, आणि दुकानदारासमोर त्यांच्या बाजूनं उभं राहणार कोण? आमच्या संस्थेनं त्यांना दहा किलो तांदूळ दिला तर एक महिना निघेल. त्यांचं कार्ड इथं चालू करून दिलं तर दर महिना निघेल, आणि माझं उपकारही त्यांच्या डोक्यावर राहणार नाहीत.

एक कडू गोष्टही बोललो पाहिजे. आज बऱ्याच ठिकाणी वही आपल्या माणसांच्या हातात आलीय. त्यासाठीच तर आज्यापणज्यांनी पाय झिजवले. पण वही हातात आल्यावर आपण कुणाला उन्हात उभं करतोय? पालातल्या आदिवासी बाईला "ए, तिकडं सरक" म्हणणारा आपल्यातला असला तर त्यानं काळारामच्या दारातल्या त्या पंचवीस बायांशी नातं सांगू नये. त्यांनाही "सरक" म्हटलं होतं. त्या सरकल्या नाहीत, म्हणून तू खुर्चीवर बसलायस.

तेव्हा माझ्यासारखं काम करणारांना सांगणं एवढंच. पाळ्या लावा, लिहिण्याच्या आणि झाडण्याच्या एकाच माणसाला. हिशोब भिंतीवर लावा, घेणारालाही वाचता येईल असा. नाव विचारताना अहो-जाहो करा. धान्य देताना कायदा सांगा. आणि दरसाल यादी तपासा. गेल्या साली घेणारांच्या यादीत होती त्यातली किती नावं यंदा स्वयंसेवकांच्या यादीत आली? दहा आली तर दहा माणसं उठून उभी राहिली. एकही आलं नाही तर धान्य कितीही वाटलेलं असो, आपण नुसती रांग सांभाळली.